खिडकीतला आकडा

विमानाच्या उंचीमापकाच्या तबकडीत एक छोटी खिडकी असते. तिच्यात हवेच्या दाबाचा आकडा दिसतो आणि कडेच्या खुंटीनं तो मागेपुढे करता येतो. लढाऊ विमानांचे सिम्युलेटर खेळणाऱ्या नवख्या मंडळींचं या खिडकीकडे सहसा लक्ष जात नाही, कारण तिच्याकडे न बघताही विमान छान उडतं. बॉम्ब तेवढे पुलाच्या अलीकडे पडतात. मग बॉम्बसाइटला शिव्या, वाऱ्याला शिव्या, खेळ बनवणाऱ्यांना तर लाखोली.

2001 साली मॉस्कोच्या मॅडॉक्स गेम्सनं ‘आयएल-2 श्टुर्मोविक’ हा असाच एक सिम्युलेटर आणला. त्या घराण्यातल्या पुढच्या खेळांत स्टालिनग्राडच्या हिवाळ्यात हाइंकेल-111 बॉम्बर घेऊन निघता येतं. मोहिमेच्या सूचनांमध्ये तापमान, वारा, हवेचा दाब सगळं दिलेलं असतं. खेळाडू लक्ष्य कुठे आहे तेवढं वाचतो आणि इंजिन सुरू करतो.

खरं तर हा उंचीमापक उंची मोजतच नाही. त्याच्या पोटात हवा काढून घेतलेली पातळ पत्र्याची डबी असते. बाहेरचा दाब उतरला की ती फुगते आणि ते फुगणं दातेरी चाकांमार्फत काट्यापर्यंत पोचतं. सप्टेंबर 1648 मध्ये पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा फ्लोराँ पेरिए फ्रान्समधल्या प्वी द दोम डोंगरावर पाऱ्याची नळी घेऊन चढला. माथ्यावर पारा तीनेक इंच उतरला होता. आजचा काटा अजून तेवढंच जाणतो: डोक्यावर हवेचं ओझं किती. ते उंचीत बदलायचं तर शून्य कुठे धरायचं, हे खुंटी फिरवून आपणच सांगायचं. वाण्याकडे तेलाला भांडं नेलं की तो आधी भांड्याचा धडा करतो, मग तेल ओततो; तसंच हे.

समुद्रसपाटीचा दाब लावला की काटा समुद्रापासूनची उंची दाखवतो. धावपट्टीवर उभं असताना काटा शून्यावर आणला की धावपट्टीपासूनची. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर. (मोबाइलवर पुणे आणि मुंबई दोन्हीकडचा दाब 1010 मिलिबारच्या आसपास दिसतो, तो याच सोयीपायी. पुण्यात खराखुरा वायुभारमापक टांगला तर तो साधारण 945 दाखवेल. पुण्याच्या उंचीचा हिशेब मोबाइलनं आधीच मिटवून टाकलेला असतो.) बॉम्बला मात्र ना समुद्राशी देणंघेणं, ना धावपट्टीशी. ज्या जमिनीवर तो पडणार, तिथपर्यंतचं अंतर किती, एवढाच त्याचा प्रश्न.

आकड्यात बघू. काटा 4,000 मीटर म्हणतोय, विमानाचा वेग ताशी 300 किलोमीटर. हवेचा अडथळा बाजूला ठेवला तर एवढ्या उंचीवरून बॉम्बला खाली यायला साडेअठ्ठावीस सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो पुढे जातो 2,380 मीटर. बॉम्बसाइट त्या हिशेबानं बॉम्ब सोडते. आता लक्ष्य समुद्रसपाटीपासून 150 मीटर उंच असेल आणि ते कोणी वजा केलंच नसेल, तर बॉम्ब अर्धा सेकंद लवकर टेकतो. 45 मीटर अलीकडे. पूल शाबूत.

थंडीचं दुखणं याहून मोठं. गार हवा दाटून बसते, त्यामुळे काटा खऱ्यापेक्षा जास्त उंची सांगतो. हवा प्रमाण तापमानापेक्षा दहा अंश गार असली तर फरक साधारण चार टक्के. वीस अंश गार म्हणजे 4,000 मीटरमागे तीनशेहून जास्त मीटर निव्वळ कागदावर. त्यात दाबाचा आकडा कालचाच राहिला असेल, तर पाऱ्याच्या दर मिलिमीटरमागे आणखी अकरा मीटर इकडे किंवा तिकडे.

या चुकीची खोड अशी, की वाटेत ती कुठेच बोचत नाही. काटा थरथरत नाही, दिवा लागत नाही. शून्य चुकलेलं असताना उड्डाण जितकं सुरळीत, तितकाच वैमानिक निर्धास्त. नेम बिघडला की माणूस नेमच सुधारत बसतो. आपण कुठून मोजतोय हा प्रश्न त्याला शेवटी पडतो, तोही पडला तर. मला हे फक्त विमानापुरतं वाटत नाही, पण सकाळी सकाळी फार लांब जायला नको.

एका मोहिमेत तर हा उंचीमापक मोडीतच काढावा लागला. 16 मे 1943 च्या रात्री ब्रिटिश हवाई दलाच्या 617 स्क्वाड्रनची लँकेस्टर विमानं जर्मनीतली धरणं फोडायला निघाली. पाण्यावरून टप्पे घेत जाणारा बॉम्ब बरोबर 60 फुटांवरून सोडायचा होता. दोन मिलिबारची चूक म्हणजे पन्नासहून जास्त फूट, म्हणजे विमान जवळजवळ पाण्यातच. म्हणून विमानाच्या पोटाखाली दोन दिवे तिरके बसवले. त्यांचे कवडसे पाण्यावर एकमेकांना चिकटले की उंची 60 फूट. नॅव्हिगेटर बाजूच्या काचेतून खाली बघत ‘वर’, ‘खाली’ असं सांगत राहायचा. समुद्र नाही, धावपट्टी नाही. ज्या पाण्यावर बॉम्ब टाकायचा, मोजायचं त्याच पाण्यापासून.

म्योने आणि एडर ही धरणं फुटली. खालच्या खोऱ्यांत हजाराहून अधिक माणसं बुडाली. त्यांत नेहाइमजवळच्या छावणीत कोंडलेल्या, सक्तीनं कामाला आणलेल्या शेकडो परदेशी बाया होत्या. कवडशांची उंची अचूक होती. सिम्युलेटरमधल्या खोऱ्यांत कोणी राहत नाही, म्हणून तिथे 45 मीटरचा हिशेब नुसता हिशेब म्हणून करता येतो, आणि मला तो तसा करायला आवडतो हेही खरं.