आळ कोणाच्या माथी?

वाचक माउली, पन्नास वर्षे कीर्तनाला उभा राहिलो. आता आवाज थकला, म्हणून चार शब्द लिहितो. प्रश्न साधा आहे. जो जागेवर सापडला, तो अपराधीच असतो का?

इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट नावाचे बेट आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या मधमाश्यांना रोग लागला. त्यांना उडता येईना; पेटीपुढच्या गवतात सरपटत त्या मरू लागल्या. पुढे ब्रिटनभर पेट्या ओस पडल्या. काही वर्षांनी स्कॉटलंडच्या संशोधकांना माशीच्या श्वासनलिकेत कोळ्याच्या कुळातला, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा एक जीव सापडला. झाले! गुन्हेगार मिळाला, असे लोकांनी धरले.

लेस्ली बेली यांनी रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात मधमाश्यांच्या रोगांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. तो जीव अंगात असूनही उडणाऱ्या माश्या पुष्कळ आहेत, हे त्यांनी पाहिले. मग सरपटण्याचे कारण तोच कसा? १९६३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशीला पांगळे करणारा विषाणू वेगळा काढला. त्याची बाधा झाली की माशी थरथरते, सरपटते. तो जीव अगदी निर्दोष, असेही बेली म्हणाले नाहीत. तो माशीचे आयुष्य थोडे कमी करतो. पण साऱ्या बेटाचे पाप त्या एकाच्या माथी मारणे त्यांना मान्य नव्हते.

हे वाचले आणि मला वाल्ह्याचा एक मुक्काम आठवला. दिंडीच्या भिशीच्या पिशवीत पाचशे रुपये कमी भरले. पिशवीजवळ एक पोरका मुलगा झोपला होता. मी सर्वांदेखत त्याला बोललो. तो काही बोलला नाही. पहाटे टाळ ठेवून निघून गेला. तिसऱ्या दिवशी आठवले, ते पैसे मीच शिध्यासाठी आचाऱ्याला दिले होते आणि वहीत लिहायला विसरलो होतो. तो मुलगा पुन्हा वारीत दिसला नाही. आजही चंद्रभागेच्या वाळवंटात माझी नजर त्याला शोधते.

कोणी म्हणेल, बुवा, मग चोराला चोर म्हणायचेच नाही का? म्हणावे; पण शहानिशा करून. घाईने ठेवलेल्या आळाने दोन घात होतात. एक, निरपराध पोळतो. दुसरा अधिक खोल आहे: कारण सापडले या समाधानात आपण शोध थांबवतो आणि खरा रोग पेटीतच राहतो. माझ्या बाबतीत तो माझ्याच वहीत होता.

भूतदया म्हणजे नुसते मुंगीला साखर घालणे नव्हे. दुसऱ्याबद्दल निवाडा करताना थोडे थांबणे, हीही दयाच. तेव्हा माउली, यंदा दिंडीत काही हरवले, तर जवळ बसलेल्याकडे पाहण्याआधी आपली वही एकदा उघडून पाहा.