चमचा कुणाच्या हाती

धडगावच्या डोंगरात एक म्हातारा आणि म्हातारी राहत. उन्हाळा लागला की कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, फोडी उन्हात वाळवायच्या आणि आमचूर बाजारात विकायचा, हा त्यांचा दरसालचा उद्योग.

एका सकाळी फोडी करता करता म्हाताऱ्याच्या हातातली सुरी गळून पडली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, बोलणं अडखळलं. मुलाने 108 ची गाडी बोलावली. चांदसैलीचा घाट उतरून ते जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात पोहोचले, तेव्हा दुपार झाली होती.

लकवा होता. जीव वाचला, पण हात उठेना आणि घोट उतरेना. नाकातून नळी घातली. दूध, पातळ पेज त्यातूनच जाऊ लागलं. खाटेच्या डोक्याशी कागद लावला : तोंडाने काही देऊ नये.

म्हातारीला वाचता येत नव्हतं. घरची बोली पावरी, मराठी बाजारापुरती. तिला दिसत होते ते नवऱ्याचे कोरडे ओठ. रात्री निजानीज झाल्यावर तिने दोन चमचे पाणी त्याच्या तोंडात सोडलं. ठसका लागला नाही. तिला हायसं वाटलं. दुसऱ्या रात्रीही तिने पाणी पाजलं.

मग ताप चढला, छाती घरघरू लागली. पाणी फुप्फुसात उतरलं होतं. लकव्यात घशाची जाणीवच मंदावू शकते. मग घोट चुकीच्या वाटेने गेला तरी खोकला येत नाही. मुलाला कळलं तेव्हा तो आईवर भडकला. "आता बाबांच्या खाटेजवळ यायचं नाही," म्हणाला. ती व्हरांड्यात जाऊन बसली.

औषधांनी ताप उतरला. पुढे गिळण्याचे उपचार करणारी एक ताई येऊ लागली. तिच्याजवळ छोटं यंत्र होतं. हनुवटीखाली आणि गळ्यावर ती चिकटपट्ट्या लावी, सौम्य वीज सोडी. मुंग्या येत, स्नायू आखडत आणि त्याच क्षणी ती म्हणे, "बाबा, गिळा." आधी लाळेचाही घोट उतरत नव्हता. हळूहळू उतरू लागला.

मुलगा यंत्राकडेच बघत राही. एके दिवशी म्हणाला, "ताई, हे केवढ्याला मिळतं? दोन बकऱ्या विकतो, घरी घेऊन जातो."

"बकऱ्या राहू द्या, दादा. यंत्र नुसती हाक मारतं, ओ बाबांनीच द्यायची. पट्टी कुठे लावायची, वीज किती सोडायची, ते शिकलेल्या माणसाचं काम. मला सांगा, घरी यांना भरवणार कोण?"

मुलगा गप्प झाला. तो मजुरीला गुजरातेत जायचा. घरी म्हातारीच असणार होती.

ताईने तिला व्हरांड्यातून बोलावलं. पावरी बोलणाऱ्या आयाबाईंना शेजारी बसवलं. ताठ बसवायचं, हनुवटी छातीकडे घ्यायची, अर्धा चमचा दाट पेज द्यायची. घोट उतरला की गालात काही उरलं का ते पाहायचं. "आ" म्हणायला लावायचं, आवाज ओलसर आला तर तिथेच थांबायचं. जेवणानंतर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. म्हातारीने एकेक गोष्ट करून दाखवली. मग तिने विचारलं, "हे मला पहिल्याच दिवशी कुणी का नाही सांगितलं?"

ताईला उत्तर देता आलं नाही.

पुन्हा तपासणी झाली, नळी निघाली. घरी म्हातारीने पेज भरवली, पुढे मऊ भात, कालवलेली भाकरी. साधं पाणी सगळ्यांत शेवटी आलं. पातळ असतं तेच आवरायला अवघड. मुलगा मजुरीला निघाला तेव्हा आईला काही बजावायची त्याला गरज वाटली नाही.

विजेचा हा उपचार गिळण्याच्या व्यायामासोबत करायचा असतो, एकट्या यंत्रावर भिस्त ठेवता येत नाही. म्हातारीची मायाही खोटी नव्हती, तिला तिच्या बोलीत कुणी समजावलं नव्हतं. लकव्यानंतर सुरुवातीच्या दिवसांत साधारण निम्म्या रुग्णांना गिळायला त्रास होतो. तुमच्या घरी असा रुग्ण असेल, तर पाण्याचा पहिला चमचा देण्याआधी गिळण्याची तपासणी झाली का, हे डॉक्टरांना विचारा. आणि जो भरवणार आहे, त्यालाच सोबत घेऊन जा.