गंज आणि पाना

भिवंडीत गिरणीला सुट्टी असली की मी कुर्ल्याच्या भंगारगल्लीत गाड्या खोलतो. परवा प्रीमियर पद्मिनी आली. ह्याच कुर्ल्यात बनायची ती. तिची शेवटची काळीपिवळी २००३ ची. २०२३ ला तीही रस्त्यावरनं उतरली.

गंजलेला नट घाईनं ओढला तर डोकंच तुटतं. डिझेल सोडायचं, रात्रभर थांबायचं. कार्ब्युरेटर, गिअरबॉक्स, काचा धडधाकट निघाल्या. तळ मात्र चाळण. आणि ह्या गाडीला वेगळी चासी नाही. तळ न् अंग एकच.

आपल्यातले काही म्हणतात, जुनं सगळंच जाळा. सुधारक म्हणतात, सांगाडा ठेवा, सडकं तेवढं बदला. बाबासाहेबांनी १९२७ ला महाडात मनुस्मृती जाळली आणि १९५६ ला नागपुरात बुद्ध घेतला. बुद्ध तर केवढा जुना! म्हणजे जुनेपण हा गुन्हा नाही. पार्ट सांगाड्यापासनं सुटून चालतो का, एवढंच मी बघतो. जातीतनं सुटून चालेल असं काय निघतं? मला तरी काही सापडलं नाही.

शेठ म्हणाला, ‘‘तळाला पत्रा ठोक, रंग मार. शौकीन गिऱ्हाईक हाय.’’

मी तळावर पाय दिला. आरपार जमिनीला टेकला. शेठनं गॅसकटरवाल्याला हाक मारली.