तुकोबांचं दोन रुपयांचं नाणं

मी एसटीत वाहक होतो, ३२ वर्षं. ड्युटीवर जाताना स्वतःच्या खिशात किती पैसे आहेत ते आधी लिहून द्यावं लागायचं. वाटेत तपासणीवाले चढले की पिशवीतली रोकड मोजत, तिकिटांशी ताडून बघत, खिसाही बघत. त्यामुळे पिशवीत आलेलं एखादं नाणं मनात भरलं तरी उचलून खिशात टाकता येत नसे. खिशातलं तेवढ्याच किमतीचं नाणं आधी पिशवीत टाकायचं, मग ते घ्यायचं. माझा जवळजवळ सगळा संग्रह असा बदलून घेतलेला आहे. रुपयाला रुपया, दोनाला दोन.

पहिलं नाणं मिळालं ते कार्तिकीत, आळंदीच्या जादा गाडीवर. एका म्हातारीनं पदराची गाठ सोडून सुटे पैसे मोजून दिले. त्यात एक रुपया वेगळा दिसला. उलटून पाहिला तर माउली! १९९९ साली सरकारनं संत ज्ञानेश्वरांचं एक रुपयाचं नाणं काढलं होतं, ते हे. हात आपोआप कपाळाला गेला. मागून कोणीतरी ओरडलं, ‘ओ मास्तर, तिकीट द्या की.’ तिकीट फाडून दिलं, पण तो दिवसभर एक गोष्ट डोक्यातून जाईना. मी नमस्कार केला कशाला? तासाभरापूर्वी तो रुपया पानटपरीच्या गल्ल्यात असेल, त्याआधी कुणाच्या उधारीत गेला असेल. म्हातारीच्या पदरातून माझ्या हाती आला तेवढ्यात त्याचा देव कसा झाला?

वडील माळकरी होते. आषाढीची वारी त्यांनी ४० वर्षं चुकवली नाही. सुट्टीत घरी गेल्यावर मी ते नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी बराच वेळ ते खिडकीच्या उजेडात धरलं आणि विचारलं, ‘पैशावर देव छापला. आता हा खर्चायचा का ठेवायचा?’ मला उत्तर आलं नाही. त्यांनाही आलं नसावं, कारण नाणं त्यांनी देवघरात ठेवलं नाही आणि मला परतही दिलं नाही. कोनाड्यात, चष्म्याच्या डबीत ठेवलं.

मग २००२ साली संत तुकारामांचं दोन रुपयांचं नाणं आलं. ते पहिल्यांदा हातात आलं तेव्हा वडिलांचा प्रश्न दुप्पट जड झाला. ज्ञानोबांनी समाधी घेतली एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी, पैशाशी त्यांचा संबंध माधुकरीपुरता. तुकोबांचं तसं नाही. देहूला त्यांचं दुकान होतं, घरात महाजनकी होती, सावकारी होती. १६३० च्या सुमाराच्या मोठ्या दुष्काळात गुरं गेली, माणसं गेली, बायको अन्नावाचून गेली. त्यानंतर त्यांनी लोकांकडून येणं असलेली खतं काढली, भावाच्या वाट्याची त्याला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा त्यांनी परत केला, असं आपण कीर्तनात ऐकत आलो. ज्या माणसानं पैसा आणि पैशाचा कागद दोन्ही हातावेगळे केले, त्याचं चित्र पैशावर आलं! हा त्यांचा सन्मान म्हणायचा की त्यांनी टाकून दिलेलं त्यांच्याच गळ्यात बांधणं म्हणायचं?

मी शिकलेला फार नाही, पण निवृत्तीनंतर या एका प्रश्नापायी नाण्यांवरची पुस्तकं वाचली. तेव्हा कळलं, की नाण्यावर देव ही काही आजची गोष्ट नाही. कनिष्काच्या नाण्यावर बुद्ध आहे, तोही नाव घालून. गुप्तांच्या सोन्याच्या नाण्यावर लक्ष्मी आहे. अकबरानं अखेरच्या वर्षांत रामसीतेचं नाणं पाडलं, वर नागरीत ‘रामसीय’ अशी अक्षरं. आणि आपल्याकडे कितीतरी घरांच्या देवघरात रामटंका असतो, रामपंचायतन कोरलेला. पण रामटंका हे चलन नव्हेच. दिसायला नाणं, कामाला मूर्ती. त्यानं कुणी कधी मीठ आणलं नाही, म्हणून वडिलांचा प्रश्न त्याला लागू होत नाही.

आपल्या सरकारनं मात्र देवही चलनात आणला. २०१२ साली माता वैष्णोदेवीची ५ आणि १० रुपयांची नाणी आली. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षं झाली म्हणून हजार रुपयांचं नाणं निघालं. निधर्मी राज्यात हे कसं चालतं, असं म्हणत कुणीतरी दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं २०१८ साली ती याचिका फेटाळली. कायद्याचं काम तिथं झालं. माझ्या मनातला पेच कायद्याचा नव्हता. वैष्णोदेवीचं पाचाचं नाणं लाखाला जातं अशी आवई उठली, तेव्हा प्रवासी ते नाणं मुठीत धरून मला विचारायचे, ‘मास्तर, खरंच का हो?’ लोकांची फसवणूक इतकी वाढली की २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला सावधगिरीचं पत्रक काढावं लागलं. देवीच्या नाण्याला लोक जपत होते, पण देवीसाठी नव्हे. ते बघताना मला फार वाईट वाटायचं.

कलावंतांच्या नाण्यांनी माझं मन कधी अडलं नाही. एम. एस. सुब्बुलक्ष्मींच्या जन्मशताब्दीला नाणं निघालं, एम. जी. रामचंद्रन यांच्यावर निघालं, २०२३ साली एन. टी. रामाराव यांचं शंभर रुपयांचं निघालं. गाणं आणि सिनेमा हे हातोहात, तोंडोतोंडी जाणारेच. त्यांचं नाणं होणं मला साजरं वाटतं. रामाराव ‘मायाबाजार’मध्ये कृष्ण झाले आणि आंध्रातल्या लोकांनी त्यांच्यात कृष्ण पाहिला. तिथं भक्तीचा धागा कुठे सुरू होतो आणि लोकप्रियतेचा कुठे संपतो, हे मला सांगता येणार नाही. ते त्या लोकांनीच सांगावं.

माझ्याबरोबर बरीच वर्षं एक चालक होते, बौद्ध. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक रुपया असे, १९९० साली बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीनिमित्त निघालेला. एका रात्री मुक्कामाच्या गाडीवर आम्ही डबे खाऊन बसलो होतो. मी विचारलं, बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत स्पष्ट सांगितलं होतं की राजकारणातली भक्ती आणि विभूतिपूजा अधोगतीला नेतात. मग हे तुम्ही खिशात का ठेवता? ते म्हणाले, ‘साहेबांनी १९२३ ला रुपयावर ग्रंथ लिहिला. रुपयाची किंमत घसरली की गरिबाचं पोट मारलं जातं, हे त्यांना कळत होतं. हा रुपया हातात घेतला की मला ते आठवतं. मी याच्या पाया पडत नाही.’ पुढे २०१५ च्या ६ डिसेंबरला बाबासाहेबांची १० आणि १२५ रुपयांची नाणी निघाली. दहाचं मी त्यांना आणून दिलं. ते त्यांनी त्याच दिवशी चहाला खर्च केलं. ‘हे आता लोकांत जाऊ दे,’ म्हणाले.

त्या दहाच्या नाण्यानं मला शहाणपण शिकवलं. मधली दोन-तीन वर्षं आमच्या भागात दहाची नाणी कुणी घेईना. एका नाण्यावर रुपयाचं चिन्ह आहे, दुसऱ्यावर नाही, एकावर जास्त रेघा आहेत, म्हणजे ते खोटं, अशी समजूत पसरली. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये १४ प्रकारची नाणी खरी आहेत असं जाहीर केलं, तरी गाडीत रोज वाद. एका बाईनं बाबासाहेबांचं नाणं माझ्या हातात परत ठेवलं आणि म्हणाली, ‘हे चालत नाही.’ सिंहमुद्रा होती, ‘सत्यमेव जयते’ होतं, कायदा मागे उभा होता. तरी त्या क्षणी ते नुसतं धातूचं चकतं होतं. टांकसाळीत ठसा पडला तरी ते नाणं होत नाही; घेणाऱ्यानं विश्वासानं हात पुढे केला की होतं. देवळातल्या पाषाणाचंही असंच नाही का? शिल्पकार घडवतो, पुरोहित प्राणप्रतिष्ठा करतो, पण कुणी यायचंच बंद झालं तर त्या गाभाऱ्यात वटवाघळं राहतात. नाणं आणि मूर्ती या दोन्ही वस्तू माणसांच्या श्रद्धेवर जगतात, हे मला त्या बाईनं हातावर ठेवून दाखवलं. फरक एवढाच, की मूर्ती जागेवर बसते आणि भक्त फिरतो. नाण्यात माणूस जागेवर असतो आणि नाणं फिरतं. चालतं म्हणून तर चलन.

मग न चालणाऱ्या नाण्याचं काय? माझ्या भाच्यानं मला मीराबाईंचं ५२५ रुपयांचं नाणं भेट दिलं. मीराबाईंच्या ५२५ व्या जयंतीला, नोव्हेंबर २०२३ मध्ये मथुरेला त्याचं प्रकाशन झालं होतं. चांदीमिश्रित, आरशासारखं, डबीत बसवलेलं. दर्शनी किंमत ५२५, पण विकत घ्यायला त्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात, आणि कुणी ते घेऊन किराणा आणायला जात नाही. भाच्यानं प्रेमानं दिलं, मी ते जपलं आहे. पण ते उघडून बघतो तेव्हा मला मीराबाई दिसत नाहीत. राजवाडा सोडून रस्त्यावर आलेल्या बाईला पुन्हा मखमलीत बसवल्यासारखं वाटतं.

संग्राहक मंडळी नाण्याची प्रत विचारतात. हात न लागलेलं सर्वांत वरचं, झिजलेलं खालचं. मी उलटा जमवत गेलो. माझ्याकडे शिवछत्रपतींचं १९९९ चं दोन रुपयांचं एक नाणं आहे, त्यावर महाराजांचे नाक-डोळे ओळखू येत नाहीत, नुसती कडा राहिली आहे. किती बोटं लागली असतील त्याला! भाजीवालीची, हमालाची, शाळकरी पोराची. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला सुमारे १३ हजार चांदीची नाणी सापडली. ती होती क्षत्रप नहपानाची, पण त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलेला होता. हरलेल्या राजाचा चेहरा त्यानं पुसला, धातू मात्र टाकला नाही. राजांचे चेहरे असे दुसरा राजा पुसतो. महाराजांच्या नाण्यावरचा चेहरा कुणी पुसला नव्हता, तो लोकांच्या हातात विरघळला होता. वारकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. सगुण धरून चालायचं, चालता चालता रूप गळून जातं.

आणि इथंच माझा स्वतःचा पेच उघडा पडला. गेल्या वर्षी वह्या-डब्या आवरताना मोजलं, तर तुकोबांची नाणी निघाली ६१. एका प्लास्टिकच्या नळीत घट्ट बसवलेली, एकावर एक. १२२ रुपये. मी ती भक्तीनं जमवली होती, यात खोट नाही. पण लोकांच्या हातात फिरणारे तुकोबा एकेक करून बाजूला काढले आणि कोंडून ठेवले ते मीच. ज्यानं खतं बुडवली त्याची मी शिल्लक केली. त्या रात्री झोप लागली नाही. वडील जाऊन ११ वर्षं झाली होती. त्यांच्या चष्म्याच्या डबीत माउलींचा तो रुपया मला सापडला नव्हता. इतकी वर्षं मी समजत होतो की तो हरवला.

आषाढी उरकून गर्दी ओसरल्यावर मी पंढरपूरला गेलो, नळी पिशवीत घेऊन. दर्शन झालं, चंद्रभागेच्या वाळवंटात आलो. तिथं पोरं दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात सोडत होती, भाविकांनी टाकलेली नाणी ओढून काढत होती. मी काठावर बसून बघत राहिलो. एका पोरानं चुंबकाला चिकटलेली नाणी माझ्यासमोर वाळूवर काढली. सगळी पोलादी. मला एकदम उमगलं, माउलींचा एक रुपया पोलादाचा, तो वर येईल. तुकोबांचं नाणं तांबं-निकेलचं, त्याला चुंबक धरत नाही. कुणी ते इथं टाकलं असेल तर ते तळाशीच असणार, इंद्रायणीतल्या त्या खतांसारखं.

मी पाण्यात काही टाकलं नाही. नदीत धातू टाकणं मला पटत नाही आणि तुकोबांना पुन्हा गाळात ठेवायचं तर नळीच काय वाईट होती. नळीचं झाकण काढलं आणि त्या पोराला एक नाणं दिलं. त्यानं ते आधी चुंबकाला लावून पाहिलं. पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं.

‘आजोबा, हे चिकटत नाही. खोटंय का?’

‘नाही रे बाळा, खरंय. जा, दुकानात दे.’

तो घाटाच्या पायऱ्या चढून गोळ्या-बिस्किटांच्या टपरीशी गेला. टपरीवाल्यानं नाणं घेतलं, न बघता गल्ल्यात टाकलं आणि बरणीतून दोन गोळ्या काढून त्याच्या हातावर ठेवल्या. पोरगा तिथूनच मला गोळ्या दाखवत होता. त्याच्या मागून आणखी तीन पोरं माझ्याकडे पळत येत होती, आणि मी नळी हातावर उलटी केली.