उतारशाळेच्या मालकाची बाजू



आपल्या धर्मग्रामातील एक मावशी पावसाळ्यात मोरीत घसरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. रेशनकार्ड, आधारकार्ड, सगळे कागद जागेवर होते. डोंबिवलीतल्या ज्या रुग्णालयात तिला नेले तिथे दारातच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा फलक होता. आरोग्यमित्राने अर्ज भरला, मंजुरी आली. सर्जन तयार, खाट तयार. मग संध्याकाळी तिच्या मुलाला बाजूला घेऊन सांगण्यात आले, "भूल देणारे डॉक्टर योजनेच्या केसला येत नाहीत. त्यांचे तेवढे तुम्ही बाहेरून बघा."

आम्ही तिघे चर्चतर्फे सोबतीला होतो. दोन तास फोन फिरवले, डोंबिवली, कल्याण, थेट ठाण्यापर्यंत. "योजना की रोख?" हाच पहिला प्रश्न. आजार काय, वय किती, हे नंतर. शेवटी गरिबांच्या निधीतून पैसे काढले आणि दिले. पावती मागितली नाही. ऑपरेशन उत्तम झाले. पण ते पैसे देणे बरोबर होते का, यावर आमच्यात आजही एकमत नाही.

योजना आपल्या परिचयाची आहे. राजीव गांधींच्या नावाने ती जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, ठाणे जिल्ह्यात नोव्हेंबर २०१३ मध्ये आली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पांढऱ्या कार्डासह राज्यातील सर्व कुटुंबे तिच्यात आली आणि संरक्षण वर्षाला ५ लाख रुपयांचे झाले. उपचार रोकडविरहित असतात, मंजूर उपचारासाठी रुग्णाकडून वेगळे पैसे घ्यायचे नाहीत असा नियम आहे. खाट, औषधे, सर्जन, भूल, सगळे एकाच ठरीव रकमेत आणि ती रक्कम रुग्णालयाला मिळते.

इथेच गाठ आहे. लहान रुग्णालयांत भूलतज्ज्ञ बहुधा पगारी नसतो. सकाळी एका नर्सिंग होममध्ये, दुपारी दुसऱ्या, रात्री तिसऱ्या, असा तो फिरत असतो. रुग्ण त्याला निवडत नाही, बरेचदा टेबलावर झोपल्यावरच पहिल्यांदा पाहतो. आपल्याला वाटते, एक सुई टोचली आणि काम झाले. खरे म्हणजे सर्जन जखमेकडे बघत असताना श्वास, नाडी, रक्तदाब यांवर नजर ठेवून जिवंत माणूस परत आणण्याची जबाबदारी त्याची. ठरीव रकमेतून त्याच्या वाट्याला किती यायचे हे रुग्णालय ठरवते. दर जुने आहेत, सरकारची देणी थकतात, या तक्रारी रुग्णालये वर्षानुवर्षे करीत आली आहेत.

संत लूकच्या शुभवर्तमानातील (१०:२५-३७) दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण किती वेळा ऐकला! प्रवचनात याजक येतो, लेवी येतो, शोमरोनी येतो. उतारशाळेच्या मालकाकडे कोणी बघत नाही. शोमरोन्याने त्याच्या हातावर दोन दिनार ठेवले आणि अधिक खर्च झाला तर परत येताना देईन, असा शब्द दिला. मालकाने तो शब्द मानला आणि जखमी माणसाला ठेवून घेतले. आता समजा, त्या वाटेवरून आधीही एक शोमरोनी असाच शब्द देऊन गेला होता आणि वर्षभर फिरकला नव्हता. तेव्हाही मालकाने दार उघडायला हवे होते का? आम्हांला वाटते, हो, कारण दारात माणूस रक्तबंबाळ पडला आहे. पण मग शब्द न पाळणाऱ्याचे पाप लहान ठरत नाही. कामकऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरडते, असे संत याकोबाने लिहिले आहे (५:४), आणि भूल देणाराही कामकरीच आहे.

मात्र मजुरी थकली म्हणून ती रेशनकार्डवाल्या मुलाकडून, तीही ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी, वसूल करणे याला आम्ही न्याय म्हणू शकत नाही. ज्याला तक्रार असेल त्याने योजनेच्या बाहेर राहावे. दारावर फलक लावून आत हात पुढे करू नये.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. भेटायला आलेल्या एका ज्येष्ठ भगिनीने मावशीला सांगितले, "घाई कशाला? वेदना प्रभूला अर्पण कर." भावना चांगली होती. पण १८४७ मध्ये एडिंबरोच्या डॉ. सिम्प्सन यांनी बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरले तेव्हाही काहींनी धर्माच्या नावाने नाके मुरडली होती. सिम्प्सन यांनी बायबलच दाखवले. आदामाची फासळी काढण्याआधी परमेश्वराने त्याला गाढ झोप आणली होती (उत्पत्ती २:२१). पुढे २४ फेब्रुवारी १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांपुढेच हा प्रश्न घेतला. इटलीतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने तो विचारला होता. ख्रिस्ती माणूस स्वखुशीने वेदना स्वीकारू शकतो, पण वेदनाशमन नाकारलेच पाहिजे असे बंधन त्याच्यावर नाही, हे पोपमहोदयांच्या उत्तराचे सार. अर्पण करायचे ते ज्याची वेदना त्याने. दुसऱ्याने, तेही पैशांची अडचण झाकण्यासाठी, सुचवायचे नसते.

राहिला आमचा निधी. आमच्यातल्या एकाचे म्हणणे, पैसे देऊन आपण वाईट प्रथा पक्की केली. ज्याच्यामागे धर्मग्राम नाही त्या पुढच्या रुग्णाकडेही आता तेच मागतील. दुसऱ्याचे म्हणणे, मोडलेल्या हाडाच्या म्हातारीला तत्त्वासाठी ताटकळत ठेवायचे नसते. आम्हांला दोन्ही पटते. पैसे दिले याचा पश्चात्ताप नाही. पावती न मागता गप्प घरी आलो, याचा आहे. डॉक्टर भले आहेत, उद्या आपल्यालाच तिथे जावे लागेल, असे म्हणून आम्ही तक्रारीचा कागद लिहिलाच नाही.

कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही महापालिकांची रुग्णालये आहेत. तिथेही आधी विचारावे, गर्दीची तयारी ठेवून. योजनेच्या रुग्णालयात दाखल होतानाच आरोग्यमित्राला विचारावे की भूलतज्ज्ञ योजनेत धरला आहे ना, आणि उत्तर दोघांच्या समक्ष घ्यावे. कोणी जादा पैसे मागितले तर १५५३८८ या क्रमांकावर कळवावे.

मावशी आता काठी घेऊन मिस्साला येते. परवा तिने विचारले, त्या भूलवाल्या डॉक्टरांचे नाव काय, प्रार्थनेत घ्यायचे आहे. आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते.