विवेकाची साक्ष

भारतीय संविधानाच्या २५व्या अनुच्छेदाने सर्व व्यक्तींना सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे. सत् आणि असत् यांतील भेद ओळखणारी बुद्धी, इतके हा समास सांगतो. परंतु तो भेद अखेर कोणी करावयाचा, शास्त्राने, गुरूने, संघाने की ज्याच्या त्याने, याविषयी तो मौन पाळतो. विवेकस्वातंत्र्याचा सारा इतिहास या मौनाभोवती घडला आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये या प्रश्नाची काही उत्तरे तुरुंगात लिहिली गेली. जॉर्ज फॉक्स आणि त्याचे 'मित्र', ज्यांना लोक क्वेकर म्हणत, प्रत्येक मनुष्याच्या ठायी ईश्वराचा अंतःप्रकाश मानीत. स्त्रियांना धर्मसभेत बोलण्याचा अधिकार आहे, हे मार्गारेट फेलने १६६६ साली बंदिवासातून प्रतिपादिले. विल्यम पेनने विवेकस्वातंत्र्यावरील आपला प्रबंध १६७० साली न्यूगेटच्या कारागृहात असताना सिद्ध केला. ही मंडळी न्यायालयात शपथ घेत नसत, कोणापुढे टोपी उतरवीत नसत आणि थोरामोठ्यांनाही एकेरी संबोधीत. मराठी वाचकाला यातील शेवटची गोष्ट वरकरणी परिचित वाटेल, कारण आपली भक्ती विठ्ठलाला 'तू' म्हणूनच हाक मारते. मात्र तोच भक्त गावच्या पाटलाला 'तू' म्हणण्यास धजावत नसे. क्वेकरांनी देवघरातील एकवचन रस्त्यावर आणले, आणि त्यासाठी दंड, फटके व तुरुंगवास सोसला.

परंतु अंतःप्रकाशाचा दावा कोणीही करू शकतो. १६५६ साली जेम्स नेलरने ब्रिस्टल नगरीत ख्रिस्ताच्या जेरुसलेम-प्रवेशाचे स्मरण करून देणारा प्रवेश केला. पार्लमेंटने त्याला अमानुष शिक्षा दिली, आणि फॉक्सही त्याच्यापासून दूर राहिला. पुढे क्वेकरांना व्यक्तीची प्रेरणा सामूहिक मौनसभेत पारखून घेण्याची आवश्यकता अधिकाधिक जाणवू लागली. विवेक आणि अहंकार यांचा आवाज आतून सारखाच ऐकू येतो. मग त्यांतील भेद ओळखावा कसा?

हाच प्रश्न सुमारे सव्वादोन शतकांनी एका मराठी स्त्रीपुढे उभा राहिला. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ साली कर्नाटकातील पश्चिम घाटात, गंगामूळच्या अरण्यात झाला. पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांना पंडितांपुढे आपल्या कृतीचे समर्थन करावे लागले होते. विवेकाचा वारसा असा घरातूनच आला होता. १८८३ साली इंग्लंडमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. परंतु त्रैक्याचा सिद्धान्त आपल्या बुद्धीस पटत नाही, हे त्यांनी लपविले नाही. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे हिंदुस्थानातील बिशपांचे मत पडले. तेही त्यांनी मानले नाही. क्रुसावरील अक्षरे लॅटिन असावीत की संस्कृत, यावरही त्यांनी वाद घातला. एका पुरोहितवर्गाची सत्ता झुगारून दुसऱ्याची स्वीकारण्यासाठी आपण आलो नाही, हा त्यांच्या पत्रव्यवहाराचा मथितार्थ आहे. रमाबाईंनी क्वेकरांचे ग्रंथ अभ्यासले होते, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. भिन्न काळी, भिन्न वाटांनी आलेली माणसे एकाच उंबरठ्यावर अडखळली, इतकेच लक्षात घ्यावयाचे.

वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डीन यांना या हट्टामागे गर्व दिसला. हा आरोप सहज झटकून टाकण्याजोगा नाही. संघाच्या शिस्तीला ज्यांनी आयुष्य वाहिले, त्यांना आज्ञापालन हाच अहंकारनाशाचा मार्ग वाटणे स्वाभाविक होते. रमाबाईंच्या वर्तनाकडे पाहिले असता मात्र एक गोष्ट ठळकपणे जाणवते. त्या युक्तिवाद करतात, शंका मांडतात, समोरच्याचे उत्तर मागतात आणि इतके होऊनही जेराल्डीनना प्रेमाने 'आजीबाई' म्हणत राहतात. अहंकाराला श्रोता पुरतो. विवेकाला प्रतिपक्ष लागतो.

तथापि रमाबाईंची खरी कसोटी पुढेच होती. १८८९ साली मुंबईत निघालेले आणि पुढे पुण्यास गेलेले शारदासदन धर्मनिरपेक्ष राहील, असे आश्वासन होते. रमाबाई आपली प्रार्थना दार उघडे ठेवून करीत. मुली येऊन बसल्या तर त्यांना मज्जाव नसे. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली. १८९३ साली रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. स्वतःची उपासना लपविणे रमाबाईंना असत्य वाटले, आणि ते योग्यच होते. परंतु ज्या बालविधवेला अन्न, वस्त्र आणि माया एकाच हातून मिळते, तिला त्या हाताच्या देवाकडे पाहताना कितपत मोकळीक उरते? उघडे दार तिच्यासाठी निमंत्रणच ठरत नव्हते काय? रानड्यांसारख्या सुहृदाची अस्वस्थता येथून समजून घेतली पाहिजे. अर्थात ज्या घरांतून या मुली आल्या होत्या, तेथेही त्यांच्या विवेकाला कोणी विचारले नव्हते, हे टीकाकारांनी सोयीस्करपणे विसरावे, याचाही विषाद वाटतो.

म्हणून असे वाटते की, स्वतःच्या विवेकासाठी सत्तेशी झुंजणे हे विवेकस्वातंत्र्याचे पूर्वार्ध होय. आपल्या आश्रयाला असलेल्याच्या विवेकापुढे आपली सत्ता आवरणे हे उत्तरार्ध. आणि ते अधिक कठीण. त्यात पूर्ण यश क्वचितच कोणाला आले असेल.

बंगळुरात बसून ही पत्रे पुन्हा वाचताना एका गोष्टीने मन थबकते. अ. भि. शहा यांनी संपादिलेला हा पत्रसंग्रह १९७७ साली महाराष्ट्रात प्रसिद्ध झाला. पण ही पत्रे जपून ठेवली आणि संकलित केली ती सिस्टर जेराल्डीन यांनी. आपले म्हणणे न ऐकणाऱ्या शिष्येचा शब्द त्यांनी नष्ट केला नाही. रमाबाईंची साक्ष आपल्यापर्यंत पोहोचली ती प्रतिपक्षाच्या हातून. विवेकस्वातंत्र्य टिकते ते पुष्कळदा अशा, न पटलेले जपून ठेवणाऱ्या हातांमुळे.