अज्ञान खातेदार

माणसासाठी डॉक्टर निवडणं त्या मानाने सोपं असतं. औषधाने गुण आला नाही, तर पेशंट स्वतःच डॉक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो आणि आपण दुसरा डॉक्टर गाठतो. मांजराची पंचाईत अशी, की एरवी दुधाला दोन मिनिटं उशीर झाला तर बिल्डिंग डोक्यावर घेणारं हे जनावर खरोखर दुखायला लागलं की गप्प होऊन कपाटाखाली जाऊन बसतं. पुन्हा कधीकधी दुखत असतानाही घुरघुरतं. म्हणजे समाधानाची आणि दुखण्याची सही एकच! आमच्या बँकेत असा खातेदार आला असता तर त्याचा एक चेक पास झाला नसता.

आमच्याकडे नुकतीच मनी आली. आल्या दिवसापासून तिच्यासाठी डॉक्टर शोधणं सुरू झालं. बातमी कळताच शेजारच्या काकू म्हणाल्या, "मांजराला कसला डॉक्टर? आमच्या गावी सतरा मांजरं होती, एकालासुद्धा दवाखाना दाखवला नाही."

"मग त्यांचं काय झालं?"

"काय व्हायचंय? गेली की."

आमच्या हेडकॅशियरनी 'जो स्वस्त, तो चांगला' असा निर्वाळा दिला. स्वतःच्या गुडघ्यासाठी मात्र ते नेमका उलटा नियम लावतात.

मी तीन दवाखाने पालथे घातले. पहिल्या डॉक्टरांची हयात गाईम्हशींत गेली होती. माणूस अनुभवी, पण लाखांच्या चेकांत वावरणाऱ्याने चिल्लर मोजायला घ्यावी, तसं त्यांनी मनीला हातात घेतलं. "कुत्र्याचंच औषध, थोडं कमी करून देऊ," म्हणाले. आता मांजर म्हणजे लहान मापाचं कुत्रं नव्हे, हे कॉमर्सच्या पदवीधरालाही ठाऊक असतं. कुत्र्याला चालणारी गोचिडांवरची काही औषधं मांजराच्या जिवावर उठतात. आपण डोकं दुखलं की घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराला पचवताच येत नाही. अर्ध्या गोळीनेही ते दगावू शकतं.

दुसरा दवाखाना थंडगार. तिथल्या सोफ्यावर बसताना मीच पायातल्या चपला काढल्या. मनीचं नाव माझ्या आडनावासकट कार्डावर छापून मिळालं आणि तपासण्यांची यादी माझ्या गृहकर्जाच्या अर्जाएवढी निघाली. एकही तपासणी कशासाठी, हे कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. सोफ्यावर बसलेल्या माणसाला असले प्रश्न सुचत नाहीत.

तिसऱ्या डॉक्टरांनी आधी टोपली टेबलावर ठेवून झाकण उघडायला सांगितलं आणि मनी आपणहून बाहेर येईपर्यंत मलाच प्रश्न विचारले. वय काय, खाते काय, झोपते कुठे. सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर पहिली लस, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची, आणि प्रत्येकीला किती पैसे पडतील, हे सुई काढायच्या आधी सांगितलं. "माझ्या आवाक्याबाहेरचं काही निघालं, तर मी परळला पाठवीन," असंही म्हणाले. परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हे मला ठाऊक होतं. आपल्याला काय येत नाही ते सांगणारा डॉक्टर मात्र प्रथमच पाहिला.

निघताना मी भीतभीत विचारलं, "समजा, एखाद्या दिवशी काही उपायच उरला नाही, तर?"

"तर तसं सांगेन. तुमच्या समाधानासाठी तिला सलाईन लावून ठेवणार नाही."

हे उत्तर मला आवडलं नाही. आणि म्हणूनच मनीचा डॉक्टर ठरला.

कारण खरा प्रश्न असा आहे, की या डॉक्टरचं गिऱ्हाईक कोण? सुई मनीला, बिल मला. त्यामुळे मला खूश करणं डॉक्टरला सोयीचं आणि माझ्याही अंगवळणी पडलेलं. पहिल्याने माझा खिसा खूश केला असता, दुसऱ्याने माझी प्रतिष्ठा. मनीच्या बाजूने मला नाराज करायला तयार असलेला एकटा तिसरा.

बँकेत आम्ही अज्ञान मुलांची खाती उघडतो. सही पालकाची, पैसा मुलाचा. पालकाने व्यवहार करायचा तो मुलाच्या हिताचा. मुलाची स्थावर मिळकत विकायची तर १९५६ च्या कायद्याप्रमाणे कोर्टाची परवानगी लागते. शिवाय अठरा वर्षं पुरी झाली की तो काउंटरवर येऊन हिशेब मागू शकतो, ही धास्ती असतेच. मनी अठरा वर्षांची झाली, तरी यायची नाही. मी तिचं दुखणं अंगावर काढलं, लस चुकवली, तरी ती संध्याकाळी माझ्याच मांडीवर येऊन बसेल.

माझा पगार बेताचा आहे, तेव्हा तिच्यावरच्या खर्चालाही मर्यादा राहणार. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त हात आखडला, तर 'पैसे नव्हते' असंच लिहायचं. 'मांजराला काय कळतंय' या नावाखाली ती रक्कम खर्ची टाकायची नाही. ऑडिटर येणार असला की हिशेब कुणीही चोख ठेवतो. मनीच्या खात्याला ऑडिट नाही. म्हणून तिथे रोजचा ताळा रोज जुळवायचा.